मारुतीला उजवी घालून

प्लास्टर कापलं तेव्हा अण्णांचं मनगट सरळ होतं, आणि त्यानंतर ते सरळच राहिलं. एका आडत दुकानाच्या गोदामात पोती तोलायचा मोठा काटा उघडून बसले असताना त्याची लोखंडी दांडी निसटून त्यांच्या उजव्या हातावर आली होती. हाड जुळलं. मूठ आवळायची, बोटांत कानस धरता यायची, सही जमायची. मनगट तेवढं वर-खाली होईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं ते झालंच. आई भाकरी भाजत असली की अण्णा शेजारी पाटावर बसायचे आणि ती दोन बोटं तव्याच्या कडेला लावून बघायचे.

"अवो, काढा की हात! कातडं जळतंय तुमचं."

"जळतंय व्हय?" असं म्हणून अण्णा बोटं डोळ्यांसमोर धरायचे आणि गिऱ्हाइकाचा काटा हातात घेऊन बघावा तशी बघायचे. फोड आला की आई त्यावर तूप लावायची आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची.

काटे दुरुस्त करणं हा माझ्या वडिलांचा धंदा होता. आम्ही मूळचे मंद्रूपचे. शेतात चार भावांना पुरेल एवढं काम नव्हतं, म्हणून अण्णा सोलापुरात येऊन एका काटेवाल्याच्या हाताखाली शिकले आणि नंतर स्वतःचा परवाना काढून फिरायला लागले. किराणा दुकानांतले, आडतीवरचे, सोनारांचे काटे खरे करून द्यायचे, झिजलेल्या वजनांच्या पोटात शिसं ओतून ती पुरी करायची, आणि सरकारी तपासनीस शिक्का मारायला आला की दुकानदाराशेजारी उभं राहायचं, असं ते काम. सामान एका लाकडी पेटीत. तपासायची वजनं, हातोडे, कानशी, शिसं. ती पेटी दोघांनी उचलायची. एसटीच्या टपावर चढवायची तर हमाल हवा आणि उतरवायला दुसरा. त्यामुळे ती मोटारसायकलच्या करिअरवर दोरीनं बांधूनच जायची. शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी होती. अण्णांचा धंदा म्हणजे ते, पेटी आणि गाडी. तिन्हीतलं एक काढलं तरी बाकीची दोन घरी बसणार.

आमच्या दोन खोल्या यंत्रमागांच्या वस्तीत होत्या. भिंतीपलीकडे नरसय्याकाकांचे चार माग. सकाळी ते सुरू झाले की आमच्याकडे वाटीतली आमटी थरथरायची. तो खडखडाट आम्हाला ऐकूच यायचा नाही. वीज गेली की तो थांबायचा, आणि मग आपण सगळे केवढ्यानं ओरडून बोलतोय ते कळायचं. अण्णा घरी होते त्या पाच महिन्यांत मात्र वीज गेली तरी काही कळायचं नाही, कारण कुणी बोलतच नसायचं.

आईला दुपारी घरात पुरुषमाणूस असायची सवय नव्हती. दुपारी ती आणि मी कडक भाकरी चुरून दह्यात भिजवायचो, वर शेंगाची चटणी टाकायचो आणि ओट्यापाशी उभ्या-उभ्या खायचो. दहा मिनिटांत जेवण संपायचं. आता अण्णांसाठी दुपारचं ताट वाढायला लागायचं. ते डाव्या हातानं हळूहळू जेवायचे, आणि त्यांचं होईपर्यंत आई समोर बसून राहायची. तिची दुपारची शिवणं राहायची, माझा टायपिंगचा क्लास बुडायचा. भांडण कुणी केलं नाही. अशा वेळी घरात फार दुःख होतं वगैरे लोक लिहितात. आमच्याकडे मला तसं काही दिसलं नाही, आणि मलाही होत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीला सुई देतात, त्यानंतर ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं होतं. मी बारावी झाले होते. पाणी भरत होते, कपडे धूत होते, रात्री झोप लागत होती.

हात जरा बरा झाल्यावर अण्णांनी गाडी बाहेर काढली. उजव्या हाताची मूठ फिरवून रेस द्यायची असते हे सगळ्यांनाच माहीत आहे. ती पुरी उघडायला मनगट जेवढं वळावं लागतं त्याच्या निम्मंसुद्धा अण्णांचं वळत नव्हतं. दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चालायची, तिसरा टाकला की गचके देऊन बंद पडायची. कोपर वर उचलून, अख्खा खांदा वाकवून त्यांनी रेस द्यायचा प्रयत्न केला. रेस मिळाली, पण हँडल डुगडुगायला लागलं. दूधवाले सायकलवरून त्यांच्या पुढे निघून गेले. अण्णा गाडी ढकलत परत आले, दारात लावली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

वैराग आणि मोडनिंबची गिऱ्हाइकं एव्हाना बार्शीच्या एका काटेवाल्यानं धरली होती. मंद्रूप राहिलं होतं, ते आमचं गाव म्हणून. तिथं तपासनिसांचा कॅम्प लागणार असल्याचा निरोप आला. त्याआधी दोन आठवडी बाजार होते. त्या दोन बाजारांत काटे तयार करून दिले नाहीत, तर दुकानदार बार्शीवाल्याला बोलावणार; आणि एकदा गेलेला दुकानदार परत येत नाही, कारण नव्या दुरुस्तीवाल्याला जुन्याच्या कामात खोट सापडतेच. मंद्रूप गेलं की अण्णांचा धंदा संपला. आई हे एकदाच बोलली.

"हितंच बसायचं म्हणल्यावर काय करनार मग? माझ्यासंगं भाकऱ्या थापनार?"

"शिकव की," अण्णा म्हणाले.

तिनं खरंच परातीतला गोळा त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी डाव्या हातानं तो थोडा दाबला आणि तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी ग्रीस भरायला म्हणून मी गाडीची मूठ उघडली. अशी कामं मीच करायची. घरात कानस, पाना, ग्रीस हे माझ्या हातात लाटण्याच्या आधी आले होते. मुठीच्या आत प्लास्टिकची एक छोटी चाकी असते. तिच्या खाचेत वायर बसते. मूठ फिरली की चाकी वायर ओढते, वायर कार्बोरेटरच्या आतला पडदा उचलते, आणि पडदा जेवढा वर जाईल तेवढी इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिळतं. त्यापलीकडं त्यात काही नाही. मी ती चाकी बोटावर फिरवत होते आणि मला तराजूची दांडी दिसली. लहानपणापासून अण्णा सांगायचे, दांडीचा हात लांब केला की टोक जास्त हलतं, पण उचलायला जोर जास्त लागतो.

"अण्णा, ह्या चाकीचा हात आखूड हाय."

"म्हंजे?"

"चाकी मोटी केली, तर तेवढंच मनगट वळून वायर दुप्पट वडली जाईल."

अण्णांनी चाकी घेतली. डोळ्यांजवळ नेली. पाच महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा एखादी वस्तू अशी घेतली होती. "मूट जड हुईल," ते म्हणाले.

"हुईल. मूट धड हाय की तुमची. मनगट न्हाय."

आईनं आतून "सुमे!" अशी हाक मारली. एवढं तोंडावर बोलायचं नसतं, असा त्या हाकेचा अर्थ होता. अण्णा मात्र मान हलवत होते.

मी नरसय्याकाकांच्या शेडमध्ये गेले. त्यांच्याकडे मागाच्या मोडक्या नायलॉन चाकांचा डबा असायचा. चादरी विणण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. मी चाक मागितल्यावर म्हणाले, "काय अम्मा, घरात माग बसवतेस काय?"

"गाडीला पाहिजे, काका."

"गाडीला मागाचा चाक? मग तुझा गाडी चादर विणणार काय रस्त्यावर?" आणि हसत हसत त्यांनी डबाच माझ्यापुढे उपडा केला.

जाड बघून एक चाक घेतलं. त्यातून चंद्रकोरीसारखा तुकडा कापला, मूळच्या चाकीवर बसेल असा घासला आणि सोनाराच्या काट्याचे दोन बारीक स्क्रू लावून पक्का केला. तिकोनी कानशीनं त्याला खाच पाडली. मोठी झालेली चाकी मुठीच्या घरात अडकायला लागली, तेव्हा ते घर आतून पोखरलं. तीन दिवस गेले. अण्णा शेजारी बसून असायचे आणि दर थोड्या वेळानं हात पुढे करायचे. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवायचे, ते उलटसुलट करून परत द्यायचे. "हितं उंच हाय." "हितं खाच वाकडी गेलीया." आई ह्या तीन दिवसांत आम्हाला तिथंच बाहेर चहा आणून द्यायची आणि लोखंडाचा कीस पडलेली फरशी ओलांडून जायची.

शेवटी वायर जोडली. नव्या गाडीची मूठ थोडी मोकळी फिरते आणि मग वायर ताणते. तेवढी ढील कंपनीनंच ठेवलेली असते. ती कशासाठी, हे मला माहीत नव्हतं. होती तशी ठेवली होती. अण्णांनी मूठ फिरवली आणि खोटा काटा सापडल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे मधी मोकळं काय फिरतंय?"

"ढील हाय. कंपनीचीच हाय."

"कंपनीचं मनगट वळतंय. माझ्याकडं एवढुसं वळायला हाय, त्यातलं निम्मं ढिलंत घालवू व्हय? काड ती. दाणा टाकला की काटा हलतो का न्हाय? तसं. मूट हलली की गाडी हलली पायजे."

आमच्या धंद्यात ढील म्हणजे चोरी. दांडी खिळ्यात सैल बसली की दुकानदाराला पासंग मारून कमी तोलता येतं, आणि तसा काटा अण्णा हातातसुद्धा घेत नसत. मला त्यांच्या म्हणण्यात काही वावगं वाटलं नाही. मी त्याच घरात वाढले होते. वायरीच्या टोकाला असलेला नट मी फिरवत गेले. मुठीतली मोकळीक पार गेली. अण्णांनी बोट टेकवलं आणि म्हणाले, "आता खरी."

गाडी मला चालवता यायची. पेटी बांधताना गाडी सांभाळता यावी म्हणून अण्णांनीच शिकवलं होतं. रस्त्यावर न्यायची मुभा नव्हती. वस्तीच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं आणि त्याच्याभोवती मोकळी जागा, तिथं शिकले होते. चाचणीही तिथंच घ्यायची ठरली. अण्णा देवळाच्या कट्ट्यावर बसले आणि मी देवाला उजवी घालून फेऱ्या मारायला लागले. मूठ जेमतेम वळवली की गाडी पुढे झेपावायची. पहिल्या फेरीला मी जवळजवळ पडले, चौथ्या फेरीला हात बसला.

देवळात वाती वळत बसलेली एक बाई बाहेर आली. "अगं ए काटेवाल्याच्या पोरी, किती फेऱ्या बोललीस मारुतीला?"

"अकरा!"

"मग पायानं घाल. पेट्रोलवरचा नवस पोचत न्हाय त्याला."

मग अण्णा बसले. त्यांच्या फेऱ्या आधी हळू होत्या, मग वाढत गेल्या. तिसरा गिअर पडला आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. मनगट होतं तसंच होतं, पण आता तेवढं पुरत होतं. ते हसत होते. दोन दिवस आम्ही आलटून पालटून त्या देवळाला फेऱ्या घातल्या, पन्नास-साठ तरी झाल्या असतील. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. काम झालं, असं वाटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी पेटी करिअरवर बांधली, मधे मी बसले. पेटी उतरवायला दुसरं माणूस हवं, म्हणून मी. आईनं कडक भाकऱ्या आणि चटणीचं फडकं माझ्या मांडीवर दिलं. विजापूरच्या रस्त्याला लागल्यावर अण्णांनी गाडी चौथ्या गिअरवर टाकली आणि मान मागं करून ओरडले, "आलं का ध्यानात? पैल्यापेक्षा चांगली पळतीया!" मी "व्हय" म्हणाले. ते मला काय काय सांगत राहिले. कुणाच्या आडतीवर किती काटे, कोण चहा पाजतो, कोण नुसता बसवून ठेवतो. त्यातलं निम्मं वाऱ्यात गेलं.

मंद्रूपला बाजाराच्या गल्लीत शिरायला डावीकडं वळावं लागायचं. तोंडाशीच गर्दी. एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला पोतं पसरून शेंगा विकायला बसलेली एक म्हातारी. अण्णांनी गाडी पहिल्या गिअरवर आणली, माणूस चालतो त्या वेगानं, आणि दोघांच्या मधून शिरायला हँडल पुरतं डावीकडं वळवलं. इंजिन एकदम किंचाळलं. गाडी आमच्या खालून पुढे उडाली, म्हातारीच्या पोत्यावर चढली आणि हातगाडीला धडकून आडवी पडली. इंजिन बंद पडलं. पेटी फुटली. वजनं खडखडत गल्लीभर गेली आणि लोक पाय उचलून बाजूला झाले.

माझ्या पायाच्या अंगठ्यावर किलोचं वजन पडलं होतं. नख उचकटलेलं दिसलं, दुखलं नंतर. अण्णा उठले ते सरळ म्हातारीकडे गेले. चाक तिच्या घोट्याला घासून गेलं होतं आणि घोटा तेवढ्यात सुजायला लागला होता. ती रडत नव्हती, संतापली होती.

"मुडद्या, हात धड न्हाय तर गाडीवर कशाला बसतोस रं?" तिनं अण्णांचा हात बघितला होता. सगळ्या गल्लीनंच बघितला होता. त्या हाताशिवाय गावात पाच महिने दुसरा विषय नव्हता.

अण्णा तिच्यापुढं उकिडवे बसले. "चुकलं आई माजं," ते म्हणाले. "हात न्हाय फिरला मागं."

"काटेवाले अण्णा, जाऊ द्या आता," कुणीतरी म्हणालं. "न्हाई जमत एकेकाला. बार्शीवाला हाय की."

अण्णांनी म्हातारीला दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणलं. मी वजनं गोळा केली. दोन पितळी वजनांचे कोपरे दबले होते. ती तपासून घेतल्याशिवाय वापरता येणार नव्हती. त्या दिवशी एकही काटा उघडला नाही. गाडी आणि आम्ही एका टेम्पोतून सोलापूरला आलो. वाटेत अण्णा आपली दोन बधिर बोटं दुसऱ्या हातात धरून बसले होते. मला त्यांनी एकच विचारलं, "मूट सोडली हुती का गं म्या? मला कळंना." मी म्हणाले, मी मागं होते, मला दिसलं नाही.

दिवे लागायच्या आधी मी गाडी स्टँडवर घेतली. हेडलाइट फुटला होता, एक पाय ठेवायचा दांडा वाकला होता. इंजिन चालू केलं; बरोबर चालत होतं. हँडल वाकलंय का बघायला डावीकडं वळवलं आणि रेस चढली. मुठीला हात लावलेला नव्हता. सरळ केलं, उतरली. उजवीकडं वळवलं, काही नाही. परत डावीकडं, परत चढली. तीनदा बघितलं. मग इंजिन बंद करून वायर बोटानं चाचपली. हँडल डावीकडं वळलं की उजवी मूठ पुढं जाते आणि तिच्याबरोबर वायर ताणली जाते. तो ताण खायलाच कंपनीनं ढील ठेवलेली असते. आम्ही ढील ठेवली नव्हती, आणि मोठ्या चाकीमुळं मुठीच्या बारीकशा हालचालीचीही दुप्पट रेस होत होती. अण्णांनी हात काढून घेतला असता तरी गाडी पळालीच असती. मोठ्या रस्त्यावर हे कळत नाही, कारण तिथं गाडी कलती करून वळवतात, हँडल फारसं वळत नाही. पुरतं वळतं ते चालीच्या वेगाला, अरुंद जागेत, देवळाच्या कोपऱ्यावर वळतं तसं. आणि देवळाला आम्ही दोघांनी पन्नास-साठ फेऱ्या घातल्या होत्या त्या सगळ्या उजवी घालून, म्हणजे हँडल उजवीकडं वळवून. डावीकडून एक घालावी, असं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मारुतीला डावी कोण घालतं?

हल्ली माझ्या दुकानासमोर मोटारसायकलींच्या सामानाचं दुकान झालंय. ह्याच चाकीला आता क्विक थ्रॉटल म्हणतात आणि ती रंगीत डबीत तयार मिळते. मोबाइलवर बघून लोक घरीच बसवतात, पिकप वाढतो म्हणून. काटे आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक, मला काम कमी, त्यामुळे मी बघत बसते. दोघातिघांना मी सांगितलं, हँडल दोन्ही अंगाला पुरतं वळवून बघा आणि मग पळवा. ते "हो काकू" म्हणतात.

त्या संध्याकाळी मी पाना घेतला, नट सोडला आणि वायरीला ढील दिली. दोन्हीकडं वळवून बघितलं. रेस जागची हलली नाही. आता गाडी अण्णांच्या हाताला हवी तशी झाली होती. ते दुसऱ्या दिवशी बसून कुठंही गेले असते. मी हात धुऊन आत गेले. अण्णा आईला सांगत होते, "गाडी माज्याच्यानं हुनार न्हाय आता. हातच माजा न्हाय." आईनं ताटं घेतली. हुलग्याचं माडगं होतं. मी बसले आणि जेवले.

सांगायला काही अडचण नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. उद्या सांगू असं म्हणून पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवसापासून तसं म्हणणंही बंद झालं. अण्णा रागावतील अशी भीती वाटली, असं मी पुढं आईला सांगितलं, ते खरं नव्हतं. ढील काढायला त्यांनीच सांगितलं होतं, रागावणार कुणावर? मला गाडी हवी होती. विजापूरच्या रस्त्यावर मधे बसून मी रस्ता बघितला होता, टायपिंगच्या क्लासच्या खोलीतून तो दिसत नव्हता. अण्णा बसले असते तर मी पेटी उतरवायला दोन-चार वेळा गेले असते, मग कुणीतरी उचलायला मिळालं असतं. आपण वाईट वागतोय असंही मला त्या आठवड्यात वाटलं नाही. अंगठ्याचं नख काळं पडत होतं, ते बघायचे आणि मोजा चढवायचे.

दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी अण्णा फुटलेल्या पेटीला पत्र्याच्या पट्ट्या ठोकत बसले. काम संपल्यावर म्हणाले, "सुमे, उद्या ड्रेस घाल. गाडी तुला चालवायचीया."

आई चुलीपाशून उठूनच आली. "पोरीला? गावात? लोक काय म्हनतील?"

"काटे आले म्हनतील," अण्णा म्हणाले.

लायसन मी नंतर काढलं. त्या दिवशी तशीच गेले, सगळा रस्ता डाव्या कडेनं, अण्णा माझ्यामागं आणि त्यांच्यामागं पेटी. मंद्रूपला गल्लीच्या तोंडाशी आलो तर म्हातारी तिथंच होती, फक्त पोतं भिंतीकडं चांगलं सरकवून घेतलेलं. घोट्याला अजून पट्टी होती. आमची गाडी बघताच तिनं दोन्ही हात वर केले.

"थांबा! थांबा, मी आदी उटते!" मग मला बघून म्हणाली, "तू हायीस व्हय? बाप कुटाय?"

"हितं हाय, मागं," अण्णा म्हणाले.

"मग बसते."

मी पहिला गिअर टाकला आणि हँडल डावीकडं पुरतं वळवलं. हातगाडी आणि पोतं यांच्या मधून गाडी हळू वळली. इंजिन आपल्या आवाजात चालत राहिलं. अण्णा काटेवाले होते. केसाएवढा फरक त्यांना ऐकू यायचा. इंजिनाकडं कान देऊन ते मागून पुढं झुकल्याचं मला कळलं. दहा-बारा पावलं पुढं गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाले,

"किती ढील सोडलीस?"

"एक सूत."

"कवा?"

"त्याच दिशी. सांजच्याला."

पहिल्या दुकानापाशी मी गाडी उभी केली, आम्ही दोघांनी पेटी उतरवली आणि कामाला बसलो. दुपारपर्यंत आठ काटे झाले. ते सांगत होते, मी घासत होते, शिसं ओतत होते. दुकानदारांशी ते नेहमीसारखे बोलले, एकाची चहावरून चेष्टाही केली. माझ्याशी बोलले ते कामाचं. भाकरी आम्ही आडतीच्या पायरीवर खाल्ली.

उन्हं कलली तेव्हा पेटी बांधून झाली. मी गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी केली, खाली उतरले आणि किल्ली त्यांच्यापुढं धरली. अण्णांनी किल्लीकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं, मग माझ्याकडं. मी हात तसाच धरून ठेवला.

"बस," ते म्हणाले. "अंधार हुयाच्या आत घरी पोचू."

मी पुढं बसले, आणि ते पाय टाकून माझ्यामागं बसले.